चिंध्यांना इस्त्री

३ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

गिरणी बंद पडून तू परगावी गेलास त्याला तीन वर्षं झाली, तरी प्रत्येक पत्रात आपलं 'मजेत आहे'. मजेत असलेला माणूस खानावळीच्या आमटीवर चार ओळी खर्च करत नाही.

बातमी अशी, की बाबांनी शेडची किल्ली दिली. हो, आपल्या ज्या शेडमधल्या पिंजणयंत्राला त्यांनी तुला हात लावू दिला नव्हता, त्याच शेडची. शिवणाच्या कारखान्यांमागे कातरणांचे ढीग जाळायचे ना? आता आजूबाजूच्या चार गावांतली कातरणंसुद्धा आमच्याकडे येतात. आम्ही अकराजणी ती निवडतो, पिंजतो आणि दाबून जाड पट्टे करतो. बसगाड्या बांधणाऱ्या कारखान्याने आसनांत घालायला नमुना मागितलाय. पसंत पडला तर वर्षभराचं काम, आणि यंत्रावर कायमचा मिस्त्री लागेल. कोण, ते मी सांगायला नको. तुझी बायको रोज सगळ्यांच्या आधी येऊन निवडायला बसते.

बाबा मात्र शेडकडे ढुंकून बघत नाहीत. किल्लीसुद्धा कपाटावर ठेवून गेले.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. आनंद झाला, आणि रागही आला. हेच मी मागत होतो तेव्हा बाबा म्हणाले होते, की गिरणीत पस्तीस वर्षं सूत काढलेल्या माणसाच्या पोराने चिंध्या पिंजायच्या नाहीत. मीही तोंड सोडलं, की पुन्हा या शेडमध्ये पाऊल टाकणार नाही. तू बोलावलंस म्हणून आलो तर त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू? बाबांनी स्वतः बोलावलं तरच येईन.

हट्टी म्हण हवं तर. कोणावर गेलोय ते तुला ठाऊक आहे.

रागवलीस तरी पत्र लिहीत जा.
तुझा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आमच्या शहाण्या बायकांनी काय केलं ऐक. सगळ्या जन्माच्या शिवणकाम करणाऱ्या. एवढ्या मोठ्या कारखान्यात नमुना जाणार, तर मळकी कातरणं कशी पाठवायची? मला न सांगता त्यांनी ती धुतली, खळ घातली आणि वर इस्त्री केली! कल्पना तुझ्या बायकोची. खळ यंत्राच्या दात्यांत चिकटून बसली आणि यंत्र ठप्प. नमुना पाठवायला पाच दिवस उरलेले. माझ्या तोंडचं पाणी पळालं, तिच्या डोळ्यांना धार लागली.

आरडाओरडा ऐकून बाबा आले. इस्त्री केलेल्या चिंध्यांची नीट रचलेली चळत पाहिली आणि पोट धरून हसले. गिरणी बंद पडल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग बाह्या सरसावून दोन दिवस कोमट पाण्याने आणि दात घासायच्या ब्रशने एकेक दाता साफ करत बसले.

नमुना वेळेवर गेलाय. तुला बोलवा म्हणून मी त्यांना विनवलं, तर उठून ब्रश धुवायला गेले.

धीर धर, आणि आमची आठवण ठेव.
ताई

२० एप्रिल

चि. धाकट्यास बाबांचा आशीर्वाद.

नमुना पसंत पडला. ताई लिहिणार होती, मीच म्हटलं मी लिहितो.

सध्या यंत्र मी चालवतो. दोनदा बेअरिंग तापून धूर निघाला. गिरणीच्या आवाजाने माझे कान अधू झाले आहेत, बेअरिंगची खरखर सुरू झालेली कळत नाही. हे घरात कोणाला सांगितलेलं नाही.

तुला नाही म्हणालो ते चुकलं. चिंध्यांत वाईट काही नव्हतं, उत्तम धागा निघतो. नोकरी गेल्याची लाज माझी होती, ती तुझ्यावर काढली.

तुला वाटेल, मिस्त्री हवा म्हणून म्हातारा बोलावतोय. यंत्र उद्या कायमचं बंद पडलं तरी ये.

लोभ अजून आहे असं धरून चालतो.
तुझे बाबा