एक मिनिट बावन्न सेकंद

प्रिय घाईबाई,

सोमवार, ११ मार्च, सकाळी नऊ वाजून शून्य मिनिटं. ही वेळ लिहून ठेव. माझा राग बरोबर त्या क्षणी सुरू झाला आणि आज बुधवार उजाडला तरी उतरलेला नाही. तू ज्या डोळ्यांच्या हॉस्पिटलची वेबसाइट बनवलीस, तिच्यावर आठवड्याभराच्या तपासणीच्या चाळीस वेळा दर सोमवारी नऊच्या ठोक्याला खुल्या होतात. मी चहासुद्धा न घेता, फोन पूर्ण चार्ज करून, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. नऊ वाजले, पान उघडलं. आणि काय आलं? माझं कपाळ.

हो, माझंच. निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर गळ्यात शिट्टी अडकवून मी हसत उभी आहे, तो फोटो. तू विचारून लावलास आणि मीही भाव खाऊन हो म्हटलं, ते कबूल. तर कपाळ आलं. मग बराच वेळ काही नाही. मग भुवया. मग नाक, तेही अर्धं. बत्तीस वर्षं मुलींना पळवलं गं मी, पण इतक्या सावकाश आयुष्यात कुठे पोचले नव्हते. हनुवटी आली, शिट्टी आली, तेव्हा कुठे खाली 'वेळ घ्या' असं बटण उगवलं. दाबलं. 'या आठवड्याच्या सर्व वेळा भरल्या आहेत. धन्यवाद.' धन्यवाद कसले डोंबलाचे?

तुला लगेच फोन केला. ओळखीच्या एका बाईंसाठी वेळ हवी होती, असं सांगितलं. तू म्हणालीस, "आई, माझ्याकडे तर चुटकीसरशी उघडतं. तुझा फोनच म्हातारा झालाय." आणि वर काय, तर "कोण बाई ते सांग, मी संचालकांच्या कानावर घालते, होऊन जाईल." मी फोन ठेवून दिला, कारण पुढे जे बोलले असते त्याबद्दल आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या खेळाच्या सिस्टरनी मला साबणाने तोंड धुवायला लावलं असतं. स्वतः दार अडवायचं आणि आपल्या माणसांना खिडकीतून आत घ्यायचं, हे तू माझ्या घरात शिकलेली नाहीस.

मग मी रिक्षा करून थेट हॉस्पिटलात गेले. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "ऑनलाइनच घ्या, आजी." मी म्हटलं, "आजी म्हणू नका, मला नातवंडं नाहीत, आणि ऑनलाइन घेता आली असती तर तुमचं तोंड बघायला आले नसते." बाकावर एक गृहस्थ बसले होते, पोस्टातून निवृत्त झालेले, शेजारी डोळ्याला पट्टी बांधलेली बायको. त्यांच्या हातातल्या फोनवर माझं नाक नुकतंच उतरत होतं. त्यांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. "बाई, या तुम्हीच ना? तीन सोमवार झाले, दर वेळी नव्या कोणाचा तरी फोन मागून आणतो आणि तुमचं हसू बघतोय. आता हसणं आवरा आणि ते बटण द्या की!" त्यांची बायको हसली. मी नाही हसले. आपला चेहरा दुसऱ्याच्या वाटेत धोंड्यासारखा पडलाय, हे असं चारचौघांत कळलं की हसू येत नाही.

आता तू म्हणशील, आई उगाच आकांडतांडव करते. म्हणून पुरावा देते. तुला आठवत असेल, शर्यतीला मी तीन घड्याळं लावायची. ही शिस्त खेळाच्या सिस्टरची. सगळ्यांत वेगवान धरायचं नाही, सगळ्यांत संथ धरायचं नाही, मधलं धरायचं. आपल्या लाडक्या मुलीला जिंकवणारं घड्याळ जो धरतो, त्याला त्या पुन्हा मैदानात उभं करत नसत. मंगळवारी मी कपाटातून जुनं घड्याळ काढलं आणि खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना घेऊन कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले. ज्यांवर तुझं पान कधीच उघडलं नव्हतं, असे तीन साधे फोन घेतले. एक शिंपीणबाईंचा, दोन त्याच्या दुकानातले. घड्याळ मी दाबलं, आकडे शिंपीणबाईंनी वाचले. एक मिनिट अडतीस. एक मिनिट बावन्न. दोन मिनिटं दहा. मधलं धर: एक मिनिट बावन्न सेकंद. तेवढ्यात चाळीसच्या चाळीस वेळा संपतात, त्या कोणाकडे जातात ते तूच सांग. भारी फोन आणि वेगवान इंटरनेट असलेल्यांकडे.

तेवढ्यात शिंपीणबाईंनी हौसेने पान पुन्हा उघडलं, तर चार सेकंदांत सगळं हजर! "अगंबाई, आता कसं आलं मेलं?" दुरुस्तीवाला हसला. म्हणाला, एकदा आलेला फोटो फोन आपल्याजवळ ठेवून देतो, दुसऱ्यांदा आणावा लागत नाही. आणि फोटो केवढा पाठवलाय म्हणे, भिंतभर छापला तरी फाटणार नाही. मी तिथेच स्टुलावर बसले. घाईबाई, तुझी चूक मला तिथे सापडली. तू ते पान कधी पहिल्यांदा उघडलंच नाहीस. रोज ऑफिसात, तुझ्या कॉम्प्युटरवर, ज्याच्या पोटात मी आधीच अख्खी बसलेली आहे, त्यावर तू उघडतेस आणि छान म्हणतेस. पेशंट मात्र पहिल्यांदाच उघडतो. शाळेतही तू अशीच, शिट्टीच्या आधी निम्मं मैदान गाठायचीस आणि मग म्हणायचीस, मीच पहिली.

फोटो तू लहान का केला नाहीस, तेही मला ठाऊक आहे. आईचा एकही केस पुसट व्हायला नको, म्हणून. तू फोटो पाठवलास तेव्हा लिहिलं होतंस तसं. त्या ओळीवर मी दोन दिवस मिरवले. आज त्याच ओळीची चीड येते आहे, आणि चीड येते याचीही चीड येते आहे.

हे पत्र हाताने का लिहिलं, अक्षरं एवढी मोठी का, ओळी उतरत का गेल्या, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. ती ओळखीची बाई मीच. जानेवारीपासून उजव्या डोळ्याने समोरच्या माणसाचं मधलंच दिसत नाही. कान दिसतात, चेहरा दिसत नाही. चष्मेवाल्याने सांगितलं, आठवडे घालवू नका. तीन आठवडे गेले, त्यातले पहिले दोन माझ्याच चालढकलीत. हे वाचून तू संचालकांना फोन करायला धावशील. धावायचं नाही. शिट्टी अजून वाजलेली नाही. मला एकटीला आत घेतलंस तर त्या बाकावरच्या बाईच्या पट्टीकडे मी कोणत्या डोळ्याने बघू? कोणाचा तरी जुना फोन माग, हॉस्पिटलच्या त्या बाकावर जाऊन बस, पान पहिल्यांदा उघड, तीनदा, तीन फोनांवर, आणि मधला आकडा मला कळव. माझा फोटो काढ, नाहीतर पोस्टाच्या तिकिटाएवढा कर, आणि ते बटण सगळ्यांच्या आधी येऊ दे. पुढच्या सोमवारी, अठरा तारखेला, नऊ वाजता मी पुन्हा त्याच टेबलाशी बसणार आहे. उत्तर लेखी हवं, रविवारी, १७ मार्चला संध्याकाळी सहाच्या आत. फोनवरची गोड बोलणी चालणार नाहीत. आणि अक्षर मोठं काढ.

तुझीच,
घड्याळ धरून बसलेली आई