अर्धाच वाचलेला अहवाल

पाटणा, १९ एप्रिल

प्रिय भौजी,

पाया पडते. पाठ अजून दुखते का? ललनभैयाला म्हणावं, बायको पोटुशी आहे, हंडे आता तू उचल, नुसत्या मिशा काय पिळतोस! मी बरी आहे.

घरचा फोन अंगणात सगळ्यांच्या मध्ये वाजतो, म्हणून पत्र. एकटीने वाचा.

बाबूजींनी आपल्या लिचीच्या मधाची बाटली आमच्या प्रयोगशाळेत पाठवली होती. मीच तपासली. कीटकनाशक नावालाही नाही. फुलोऱ्यात फवारू नये म्हणून बागवाल्याशी भांडले होते ना ते! फोनवर सांगितलं तर केवढ्याने ओरडले, "ऐका रे, माझ्या पोरीची सही आहे! आता म्हणा भेसळ!" मागून तुमचा आवाज आला, "साहेबीण, मिठाई कधी?"

मग मला फोनवर पुढचं पान वाचवेना.

भौजी, त्या मधात शिसं आहे. मर्यादेच्या फार वर. मी पुन्हा तपासलं, दुसऱ्या मुलीकडूनही तपासून घेतलं. माश्यांचा दोष नाही. दोन वर्षांपूर्वी बाबूजी मोहरीच्या हंगामात मधमाश्यांच्या पेट्या घेऊन राजस्थानात गेले, तेव्हा मध काढायचं यंत्र गळू लागलं. त्यांनी ट्रकच्या जुन्या बॅटरीतलं शिसं चुलीवर वितळवून भोकं बुजवली. मुक्कामावर सगळेच तसं करतात. मधात आम्ल असतं, त्यात शिसं उतरतं.

बाळाला बळ यावं म्हणून बाबूजी रोज सकाळी तुम्हाला चमचाभर मध देतात. तो आजपासून घेऊ नका. शिसं आईच्या रक्तातून बाळाकडे जातं. भैयाबरोबर इकडे या, रक्त तपासू.

गेल्या वर्षीचं बाळ का गेलं, हे मी सांगू शकत नाही. तपासायला काही उरलं नाही. पण ग्रहणात सुपारी कातरलीत म्हणून अम्मा तुम्हाला अजून बोलते, आणि तुम्ही मान खाली घालून ऐकता. भौजी, मान वर करा.

यंदाचा मध विकता येणार नाही. अहवालावर मी सही केली आहे. बाबूजींनी प्रेमाने काय भरवलं, हे त्यांना कसं सांगायचं, ते मला कुठल्याच वर्गात शिकवलं नाही. रविवारी येते, मीच सांगेन. तोवर त्यांनी चमचा पुढे केला तर तोंड घट्ट मिटा. उद्धट म्हणाले तर म्हणू देत.

बाबूजींपुढे अजून गप्प असलेली,
तुमची नणंद
रंजना