उजव्या बुटाची टाच

ता. ४ मार्च

चि. ठोंब्यास, आजीचे अ. उ. आ.

तुला शौर्यपदक मिळाल्याचं पेपरात आलं. शेजारच्या शिंप्याने असं वाचून दाखवलं, जणू तोच लढून आलाय. गोळ्या चालू असताना तू तिघांना पाठीवर टाकून आणलंस म्हणे. घरात पाण्याची बादली उचल म्हटलं की तुझी कंबर धरायची! पंचवीसला शाळेच्या पटांगणात तुझा सत्कार आहे. कधी येतोस ते कळव. तू तळ घालायला टपालाने पाठवलेले बूट पोचलेत, ते बघते.

आजी

ता. ९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

रजा मिळत नाही. माझ्या वतीने स्टेजवर तूच जा, भाषण मात्र आवर. पायाला लागलं होतं ते किरकोळ, बरं झालं. बुटांची घाई नाही. शिंप्याशी भांडू नकोस.

तुझा ठोंब्या

ता. १३ मार्च

चि. ठोंब्यास, आ.

चाळीस वर्षं लोकांचे जोडे शिवतेय मी. माणूस खोटं बोलतो, तळ बोलत नाही. तुझा डावा तळ सगळा झिजलाय. उजव्याची टाच कोरी, चवडा तेवढा घासलाय. म्हणजे उजवी टाच भुईला टेकत नाही, पाय आखूड झालाय. चारचौघांत लंगडावं लागेल म्हणून रजेचं निमित्त ना? गोळ्यांना भ्याला नाहीस आणि शेजारणींना भितोस? शिंप्याची बायको जन्माची लंगडी, अख्खी गल्ली तिला वचकून असते.

रडायचं ते मी गिऱ्हाईक यायच्या आत उरकलं. आता कामाचं. भिंतीला पाठ लावून सरळ उभा राहा. उजव्या टाचेखाली किती बोटं फट राहते ते कळव. अंदाजपंचे नको. तेवढी टाच चढवते.

आजी

ता. १७ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

दोन बोटं आणि वर अर्धं. मित्राने दोनदा मोजलं. रजा मी मागितलीच नव्हती, आज मागितली. चोवीसला येतो. बूट टपालाने पाठवू नकोस, तुझ्यासमोरच घालीन. एकच मागणं : स्टेजच्या पायऱ्या मी एकटा चढणार. हात द्यायला उठू नकोस. रागाव, पण आटोपशीर.

तुझा ठोंब्या

ता. २० मार्च

चि. ठोंब्यास, आ.

टाच चढवली. हात देणार नाही. पडलास तर शिंप्याच्या आधी मी हसेन, मग तूही हस आणि वर चढ. ये. लोभ आहेच, वेगळा लिहायला कार्डावर जागा नाही.

आजी