रेडिओतून ओळखलेला हात

दादा, काल संध्याकाळी यांचा व्यायाम करवून घेतला, यांना जेवू घातलं आणि जरा गॅलरीत टेकले होते, तेवढ्यात लेकीने अमेरिकेहून फोनवर एक व्हिडिओ पाठवला. तुम्ही हे जग सोडलंत तेव्हा तुमची ही नात भिंतीला धरून चालत होती. आता ती तिकडे नोकरी करते. तिच्या गावाजवळ एक जुनं धान्याचं कोठार आहे. तिथे दर शनिवारी लोक जमतात, गाणी म्हणतात, नाचतात, आणि ते सगळं त्याच वेळी थेट रेडिओवर ऐकवतात. व्हिडिओत चौकटीचे शर्ट घातलेले चार म्हातारे होते. त्यांच्यामागे एक टकला माणूस, माणसाहून उंच व्हायोलिनसारखा तो बास छातीशी धरून उभा. तार ओढून सोडायची, ती लाकडावर आपटली की मधल्या रिकाम्या जागेत तळहाताची थाप. मी आवाज बारीक केला, कारण आत यांचा नुकता डोळा लागला होता. खाली लेकीने इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, मराठी वाचायला तिला जड जातं: "मम्मी, फोटोत आजोबांकडे हेच आहे ना? ते पण असंच वाजवायचे क्या? मग सोडले कायकू?"

पहिल्या दोन प्रश्नांना मी 'हो' लिहिलं. तिसऱ्याला काय लिहू ते सुचेना. फोनवर एवढं लिहिण्याची ताकदही नव्हती. शाळेची नोकरी संपली तेव्हा वाटलं होतं, आता विद्यानगरच्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं निवांत बसू. मग यांची उजवी बाजू लकव्याने गेली. आता सकाळपासून मी यांचा दंड धरून उभी असते. पलंगापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून मोरीपर्यंत. तक्रार नाही करत, दादा. थकले आहे एवढंच. म्हणून आज हे झोपल्यावर तिला लिहायचं ते तुम्हालाच लिहिते आहे. तुम्हाला निदान पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही. तरी मी पहिल्यापासूनच सांगणार आहे, कारण मला ते एकदा सलग बघायचं आहे.

तुम्ही लालागुड्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये डब्यांचे फिटर होतात. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या पत्र्यावर तुम्ही बोटांनी काहीतरी वाजवत होतात आणि मागे फोरमन साहेब येऊन उभे राहिले. अँग्लो-इंडियन माणूस, तांबडा चेहरा, खांदे दारात न मावणारे. तुम्हाला वाटलं, आता मेमो मिळणार. साहेब म्हणाले, "फिर से बजाओ." शनिवारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये त्यांचा बँड असायचा, आणि त्यांचा बासवाला ऑस्ट्रेलियाला निघून गेला होता. ही गोष्ट तुम्ही मला इतक्यांदा सांगितली की तो पत्रा मी स्वतः पाहिल्यासारखा वाटतो. तुम्ही म्हणालात, साहेब, मला इंग्रजी येत नाही. त्यावर ते म्हणाले, "नक्को आने दो. गानों में रेल है, माँ है, जेल है, दारू है. सब अपनीच बातां हैं."

त्यांच्या त्या कार्यक्रमाला ते 'बार्न डान्स', म्हणजे कोठारातला नाच, म्हणायचे. स्टेजवर भाताचा पेंढा आणून टाकायचे, बैलगाडीचं एक चाक टेकवून ठेवायचे आणि आपण अमेरिकेतल्या शेतावर आहोत असं समजायचे. त्यातल्या कोणीही अमेरिका पाहिली नव्हती. सगळ्यांना चौकटीचा शर्ट लागायचा. आईने लुंगीचं कापड आणून तुमचा शर्ट घरीच शिवला. खिशाजवळच्या चौकटी जुळल्या नाहीत म्हणून ती हळहळली आणि तुम्ही म्हणालात, "मी मागे उभा असतो, कोण बघतंय?" आधी संथ गाणी व्हायची, घराची आठवण काढणारी. मग साहेब गिटारवर जोरात हात मारायचे, रॉकबिली, म्हणजे तसलीच गाणी पण नाचायच्या धावत्या ठेक्यात, सुरू व्हायचं आणि सगळा भार तुमच्यावर यायचा. ढोल नव्हताच. ढोल तुम्हीच होतात. तुमची शेवटची थाप किंचित उशिरा पडायची. पडते की नाही असं वाटेपर्यंत तुम्ही ती धरून ठेवायचात. नाचणाऱ्यांचा पाय क्षणभर हवेत राहायचा आणि मग खाली यायचा.

तो हात कुठून आला हे साहेबांनी कधी विचारलं नाही, आणि तुम्ही सांगितलं नाही. नांदेडकडच्या आपल्या गावात तुमचे वडील, आबा, हलगी वाजवायचे. गावाच्या लग्नाला, मयताला, देवाच्या पालखीपुढे. तुम्ही पोरवयात त्यांच्याजवळच शिकलात. मग आबांनी धम्म घेतला आणि वस्तीतल्या सगळ्यांसोबत हलगी नदीत सोडली. पुन्हा कोणाच्या दारापुढे वाजवायचं नाही असं ठरलं. तुम्ही बास वाजवता हे आबांना माहीत नव्हतं. शनिवारी ओव्हरटाइम असतो असं तुम्ही त्यांना कळवून ठेवलं होतं.

त्या वर्षी आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आपल्या क्वार्टरवर राहायला आले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. दिवसभर खाटेवर बसून असायचे आणि पायांच्या आवाजावरून कोण आलं ते सांगायचे. आणि नेमकं त्याच दिवसांत एका शनिवारी रेडिओ स्टेशनवाले इन्स्टिट्यूटमध्ये तारांची भेंडोळी घेऊन आले. कार्यक्रम तिथूनच थेट ऐकवणार होते. आईने आपला रेडिओ मुद्दाम लावला नाही. पण शेजारच्या अक्काला कोण आवरणार? तिने तिचा रेडिओ खिडकीत आणून ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि तेलुगूत ओरडली की वहिनी, तुमच्या घरच्यांचं सुरू झालं! आबांना तेलुगू कळत नव्हतं, एवढंच बरं.

पहिली दोन गाणी आबा मान खाली घालून बसले होते. मी त्यांच्या पायाशी अभ्यास करते आहे. तिसरं गाणं सुरू होतं, आणि आबांची मान वर येते.

"कोण वाजवतंय हे?"

आई पोळ्या लाटता लाटता थांबते. "मामंजी, इंग्रजी गाणं हाय. अक्काचा रेडिओ."

"गाणं इंग्रजी असंल. हात आपला हाय."

आबा एक बोट वर करतात. "ऐक. आता थांबंल बघ... थांबला... आली." थाप त्यांच्या बोटाखाली पडल्यासारखी पडते. पुन्हा बोट वर जातं. पट्ट्यांखाली त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला आजही सांगता येणार नाही. हसले असं मला वाटलं होतं. शेवटच्या टाळ्या संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, मला पाणी दे," आणि तांब्या रिकामा करून भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

तुम्ही आलात तेव्हा दिवेलागण झाली होती. केसांत पेंढ्याच्या काड्या होत्या, चेहरा नुसता फुलला होता. आईने डोळ्यांनी खुणावलं, पण तुम्ही चपला काढता काढताच आबा उठून बसले.

"ये. बस हितं. उभ्यानं वाजवतूस का बसून?"

तुम्ही आईकडे पाहिलंत. मग खाली बसलात. "उभ्यानं, आबा. ते वाद्यच तसं आहे."

"दाराच्या आत का भायेर?"

"आत. स्टेजवर."

"आन जेवाय?"

"त्यांच्याच टेबलावर. त्यांच्याच ताटात. साहेबांची बायको स्वतः वाढते."

आईने श्वास सोडलेला मला ऐकू आला. सगळी उत्तरं बरोबर होती. मलाही ते कळलं, शाळेत असतं तसं. आबांनी खाटेची कड चाचपून धरली. मग अगदी हळू आवाजात बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"हलगी सोडली त्या साली गावानं आपल्याला पाणी तोडलं. काम तोडलं. तुझी माय पार वड्याच्या पल्याडून घागर आणायची. तुझी धाकली भैन तापानं फणफणली, तर गाडी कुणी जुपली न्हाई. ती त्या सालीच गेली. तुला ठावं हाय ना?"

"आठवतंय, आबा."

"आठवत असून वाजीवलंस?"

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मला एक आत्या होती.

आबांच्या पट्ट्या निघाल्यावर तुम्हीच म्हणालात, एकदा येऊन बघा तरी. रविवारी सकाळी तुम्ही त्यांना इन्स्टिट्यूटमध्ये नेलंत, मीही बोट धरून आले. हॉल रिकामा, खुर्च्या एकावर एक रचलेल्या, आदल्या दिवसाचा पेंढा तसाच पडलेला. फोरमन साहेबांनी कुलूप उघडून दिलं आणि आबांना दोन्ही हातांनी नमस्कार केला. आबा बासभोवती एक फेरी फिरले.

"कातडं न्हाई ह्याला?"

"नाही आबा. लाकूड आणि तारा."

त्यांनी हात पुढे केला. लाकडावर बोटं ठेवली, जराशी फिरवली, आणि मग वाजवलं. अगदी थोडंसं. दोन थापा, तिसरी अडवून धरलेली, मग ती सोडली. रिकाम्या हॉलमध्ये ती केवढी घुमली! साहेब पुटपुटले, "अरे, येइच है मैन, येइच हाथ है." आबांनी हात चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि धोतराला पुसला.

"बघितलंस? इतक्या सालांनी बी हात इसरला न्हाई. म्हणून भ्या वाटतं मला." त्यांचे नवे उघडलेले डोळे पाण्याने भरले होते. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलं होतं. "नगं वाजवू, लेका."

साहेब म्हणाले, "चाचा, यहाँ कोई कुछ नहीं बोलता उसको. सब इज्जत करते."

"इज्जत हाय, मला दिसतंय," आबा म्हणाले. "तरीबी नगं."

तुम्ही "बरं" म्हणालात. एवढंच. बास उचलून कोपऱ्यात नेलात, तो सरकू नये म्हणून खाली पेंढा लावलात, आणि आबांचा हात धरून पायऱ्या उतरलात. साहेबांनी नंतर एका शाळकरी गिटारवाल्याला घेतलं. कार्यक्रम काही दिवस चालला. मग साहेबही बायकोपोरांसह ऑस्ट्रेलियाला गेले आणि हॉल लग्नांना भाड्याने द्यायला लागले. त्या बासचं काय झालं मला माहीत नाही.

तुम्ही तेव्हा ऐन उमेदीत होतात, दादा. मी आज तुमच्या त्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे. आबा गेल्यावरही तुम्ही वाजवलं नाहीत. जयंतीच्या मिरवणुकीत तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायचात, बोटं एकमेकांत घट्ट अडकवून. नारायणगुड्याच्या कॉलेजात असताना मी एकदा धीर करून विचारलं होतं, पुन्हा वाजवावंसं नाही वाटत का? तुम्ही शेंगा सोलत होतात. "वाटतं की," म्हणालात. मग? "वाटतं तेवढं सगळं करायचं असतं होय?" आणि मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवलेत.

आता आपलीच पोरं जयंतीला डप्पू, म्हणजे इकडची हलगीच, गळ्यात अडकवून, निळे फेटे बांधून वाजवतात. माझ्या भावाच्या मुलाचं दिलसुखनगरला पथक आहे. त्याला मी तुमची गोष्ट सांगितली, तर म्हणाला, "आत्या, तेव्हा दुसऱ्यांसाठी वाजवायला लागायचं. आम्ही आमच्यासाठी वाजवतो." त्याचं मला पटतं. आबांचंही पटतं. ज्याचं पोर गेलं त्याला काय समजावणार? आणि तुम्ही न भांडता "बरं" म्हणालात, तेही आता, यांचं सगळं करताना, पटायला लागलं आहे. कोण बरोबर होतं हे ठरवायचा मला कंटाळा आला आहे. लेकीला हे एवढं सगळं लिहिणार नाही. 'आजोबांच्या वडिलांना आवडत नव्हतं' असं लिहीन. ते खोटं आहे, पण तिला बसमध्ये वाचून होईल. हे कागद मात्र कपाटात साड्यांखाली ठेवून देईन.

एक गोष्ट राहिली. बास सोडल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी तुम्ही अर्ध्या दिवसाने घरी आलात, जेवलात आणि आता काय करायचं ते न कळून उंबऱ्यात बसून राहिलात. मग शेजाऱ्यांची सायकल मागून आणलीत आणि मला रेल्वेच्या ग्राउंडवर नेलंत. अंधार पडेपर्यंत सीट धरून तुम्ही मागे धावत होतात. पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. तुम्ही वाजवणं सोडलं याचं आईला वाईट वाटत होतं, साहेबांना वाटत होतं, मला वाटतं आबांनाही वाटत होतं. मला नाही वाटलं, दादा. कधीच नाही. मला शनिवार मिळाला होता.