ठमीला घेऊन समुद्रावर

३ जानेवारी
दि.शी पुन्हा वाजलं. विषय तोच. फेब्रुवारीतल्या क्रूझवर ठमी न्यायची की व्हीलचेअर. ठमी म्हणजे माझी स्कूटर, बसून चालवायची, बॅटरीवरची, दिवाळीत घेतलेली. नाव मी ठेवलं. दि. तिला ‘ते यंत्र’ म्हणतो. त्याचं म्हणणं, मी आहे ना ढकलायला, मागच्या वेळी काय अडलं?
मागच्या वेळी हे अडलं की मला जिथे ठेवलं तिथे मी. नवरा चहा आणायला गेला की मी खांबाकडे तोंड करून बसलेली. तो आला, त्याने खुर्ची वळवली, की मग समुद्र. गोव्याला जाऊन आले, पण आपणहून एकदाही वळले नाही. हे त्याला सांगितलं की त्याचा चेहरा पडतो, म्हणून सांगत नाही. मग वाजतं.
ठमी येणार.

७ जाने.
सावंतच्या ऑफिसात. म्हणजे ऑफिसखाली. ट्रॅव्हल एजन्सी नौपाड्यात, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना असा की धडधाकट माणूसही कठडा धरून चढेल. मागच्या खेपेला दि. एकटाच वर गेला आणि सगळं ठरवून आला, माझी केबिनसुद्धा. या वेळी खालून फोन लावला. सावंत म्हणाला, “काकू, काकांना पाठवा ना वर.” म्हटलं, प्रवासाला मी चाललेय, तूच खाली ये.
आला लॅपटॉप घेऊन. पानाच्या दुकानासमोर, ठमीच्या पुढच्या टोपलीवर लॅपटॉप टेकवून बुकिंग. मागे रिक्षांचे हॉर्न.
रुंद दाराची केबिन मिळाली. स्कूटर केबिनच्या आत ठेवायची, बाहेर पॅसेजमध्ये नाही. ठीक. जाता जाता सावंत म्हणतो, लक्षद्वीपला मात्र जहाज लांब उभं राहतं, छोट्या बोटीतून नेतात, तेव्हा तुम्ही वरच थांबा, जहाज रिकामं असतं, छान वाटतं.
छान कोणाला वाटतं ते बघू.

१५ जाने.
मुग्धाचा डोंबिवलीहून फोन. लेक माझी, सूर बापाचा. बाबांचं वय झालंय, कुठे ते जड धूड उचलायला लावतेस वगैरे. म्हटलं, अगं, त्याला ढकलायला लागू नये म्हणूनच तर घेतली. तर म्हणाली, “बाबांना ढकलायला आवडतं गं.”
हे दिवसभर डोक्यात.
आवडतं, खरंच. बँकेच्या कल्याण शाखेत आम्ही शेजारच्या काउंटरला. पोलिओने माझा उजवा पाय लहानपणीच गेलेला, कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार, लावून चालायचे. रस्ता आला की हा न विचारता दंड धरायचा. तेव्हा काळजात लकलक व्हायचं. आता डावा पायही दमला. घरात कुबडीवर भिंत धरून, बाहेर काहीच नाही. आणि दंड अजून धरलेलाच. लकलक केव्हा थांबलं ते आठवत नाही.

२ फेब्रु.
सराव. सकाळी एकटी बाळकुमपर्यंत गेले, ठमीवर. फुटपाथवर चढायला उतार नाही, सगळा रस्ता कडेकडेने. एका बसवाल्याने शिव्या घातल्या, मीही घातल्या. बाळकुमला नव्या टॉवरच्या गेटशी उसाचा रस प्यायले. स्वतः थांबले, स्वतः प्यायले, स्वतः निघाले.
परतताना आरशात एक रिक्षा. माझ्यामागे, माझ्याच वेगाने. मी थांबले, ती थांबली. मागच्या सीटवर पेपर तोंडासमोर धरून कोण बसलेला, तर दि. घरापासून मागे मागे. रिक्षावाला हसत होता.
मला आधी राग आला, मग हसू, मग पुन्हा राग. शेवटी रागच राहिला.

९ फेब्रु. जहाजावर
मुग्धाच्या नवऱ्याने गाडीने बंदरावर सोडलं. ठमीचे भाग सुटतात, सीट, बॅटरी, पुढचं, मागचं. ते दि.नेच जोडले. बॅटरी उचलताना ‘आई गं’ म्हणाला. काय झालं विचारलं तर म्हणे, कंबर.
तपासणीच्या काउंटरवर एक अधिकारी. माझ्याकडे बघेना. दि.ला विचारतो, यांना थोडंफार चालता येतं का? दि. तोंड उघडणार तेवढ्यात मीच म्हटलं, “यांना ऐकू येतं. यांनाच विचारा.”
लाल झाला बिचारा. पण पुढचं सगळं मलाच विचारलं, आणि नीट.
केबिनमध्ये ठमी पलंगाशेजारी मावली. दार लावायला जागा उरते. बरोबर मोजलं होतं मी.

१० फेब्रु. समुद्र, दिवसभर
आज काय काय केलं. नाश्त्याला आधी मी पोचले. लिफ्टने वर. सगळ्यात वरच्या डेकला पूर्ण फेरी, डावीकडून, मग उलट. लोक बाजूला होतात, काही कौतुकाने बघतात. एक गुजराती बाई म्हणाली, क्या हिम्मत है आपकी. लिफ्टने वर आले, यात कसली हिम्मत. तिला तसं म्हटलं नाही. तिने ढोकळा दिला.
मग पुढच्या टोकाला, वारा जोरात, तिथे थांबले. पाण्यात मासे उड्या मारत होते. कोणी दाखवले नाहीत, माझे मलाच दिसले.
आणि तेवढ्यात स्पीकरवर माझं नाव. पूर्ण. केबिन नंबरासकट. असतील तिथून रिसेप्शनला यावं, नातेवाईक काळजीत आहेत.
अख्ख्या जहाजाने ऐकलं. हरवलेल्या पोरासारखं. रिसेप्शनला दि. घामाघूम. तो म्हणाला, तू दिसली नाहीस. मी म्हटलं, “तुला दिसले नाही म्हणजे मी हरवले नाही.” काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरमध्ये तोंड खुपसून.
संध्याकाळभर अबोला. जेवायला एका टेबलाला, पण नुसतं मीठ दे, पाणी दे.

११ फेब्रु. कोची
इथे जहाज धक्क्याला लागतं. उतरायची फळी फार तिरकी होती, तेव्हा मला त्यांच्या खुर्चीतून उतरवलं, ठमी मागून आणली. कबूल, ते मी ऐकलं. जिथे खरंच घसरायला होईल तिथे मी मूर्ख नाही.
खाली उतरल्यावर मात्र सुटले. रस्ता सपाट, मोठी झाडं, मसाल्याच्या दुकानांचा वास. वेलची घेतली, मुग्धाला मिरी घेतली. मागे वळून बघते तर दि. पार मागे. थांबले. आला. पुन्हा निघाले, पुन्हा मागे. म्हटलं मुद्दाम करतोय, कालचा राग. हळू चालवायला लागले, तरी मागेच. एका दुकानाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, तू बघून ये, मी इथेच आहे.
दि. आणि “तू बघून ये”?
बघून आले. पण काय बघितलं ते विचारू नये.

१२ फेब्रु. लक्षद्वीप
सविस्तर लिहिते, नाहीतर पुढे मलाच खोटं वाटेल.
पाणी असं की रंगाला नाव नाही. जहाज लांब उभं, बाजूचं दार उघडलेलं, आतून लोखंडी जिना खाली, जिन्याला होडी टेकते, लोक एकेक करून उतरतात. ठमीला घेऊन दारापर्यंत गेले. तिथला अधिकारी केरळचा, शांत माणूस. हिंदीत म्हणाला, मॅडम, स्कूटर होडीत नाही जाणार. म्हटलं माहीत आहे, मी जाणार. तो म्हणाला, ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांना पाठवायची परवानगी नाही.
मी विचारलं, उतरता येत नाही की उभ्याने उतरता येत नाही? नियम काय म्हणतो?
तो म्हणाला, स्वतःच्या बळावर होडीत जायला हवं, आम्ही उचलणार नाही, हात देऊ. मी म्हटलं, बास, एवढंच पाहिजे.
ठमीवरून उतरून पहिल्या पायरीवर बसले. कॅलिपर सरळ पुढे. मग हाताने अंग उचलायचं आणि खालच्या पायरीवर टेकायचं. लहानपणी घराचा जिना असाच उतरायचे, आईला आवडायचं नाही, फ्रॉक मळतो म्हणून. सगळे थांबलेले. थांबू देत.
मध्यावर आले आणि दि.ची वाट बघत वर पाहिलं. तो पहिल्या पायरीशी उभा. कठडा दोन्ही हातांनी धरलेला, पाय उचलत नव्हता. अधिकाऱ्याने हात पुढे केला, याने मान हलवली. मला तेव्हा कळलं. कंबर नाही. गुडघे. बाळकुमला रिक्षा, कोचीला पायरी, सगळं एका क्षणात.
वर चढायला लागले होते मी, खरं सांगायचं तर. हात टेकलाही होता वरच्या पायरीवर.
तो म्हणाला, “मला नाही जमणार, शैला. तू जा.”
इतक्या वर्षांत ‘तू’ आणि ‘जा’ हे दोन शब्द कधी असे एकत्र आले नव्हते त्याच्या तोंडून.
गेले.
होडीच्या कडेला पोचल्यावर नावाड्याला सांगितलं, काखेत हात घालायचा नाही, मनगट धरायचं, खेच म्हटलं की खेचायचं. त्याने तस्संच केलं. होडी किनाऱ्याला लागल्यावर तो नि त्याचा जोडीदार, पाठीमागून आधार देत, आणि मी वाळूवर. प्लॅस्टिकची खुर्ची आणली त्यांनी. बसले थोडा वेळ. लोक पाण्यात. पुन्हा तेच, जिथे ठेवलं तिथे.
मग खुर्चीवरून खाली उतरले. कॅलिपर काढून खुर्चीवर ठेवलं. बसल्या बसल्या, हातांवर, मागे सरकत सरकत पाण्यात. ड्रेससकट. कंबरेपर्यंत पाणी आलं आणि पाय आपोआप वर आले. दोन्ही. हलके. समोर तरंगत होते, माझेच, पण ओळख नसल्यासारखे.
किती वेळ ते माहीत नाही. ढोकळेवाल्या बाईने येऊन सांगितलं होडी निघतेय.
चढताना उलटं, वरच्या पायरीवर टेकत टेकत. दारात दि. तिथेच उभा, ठमीचं हँडल धरून. म्हणाला, किती वेळ लावलास. मी म्हटलं, अजून लावला असता.
ठमीवर बसले, ओलीच. तो चालत होता बाजूने. मी अगदी सावकाश चालवली.

१३ फेब्रु. परतीचा समुद्र
दि.ने सांगितलं. दोन्ही गुडघे झिजलेत. नौपाड्यातल्या डॉक्टरने गेल्या पावसाळ्यातच ऑपरेशन सांगितलंय. मला का नाही सांगितलं तर म्हणे, मी खाटेवर पडलो तर तुझं कोण करणार?
मी म्हटलं, “माझं मी करतेय. तुझं कोण करणार ते विचार.”
तो समुद्राकडे बघत बसला. मीही. खुर्च्या शेजारी शेजारी, त्याची जहाजाची, माझी चाकांची.
दुपारी म्हटलं, ठमीवर बसून एक फेरी मारून ये, मी इथे बसते. म्हणाला, मी अजून चालतो.
बरं. चाल.

१७ फेब्रु. घरी
कॅलिपरच्या सांध्यातून अजून वाळू निघतेय. दुरुस्तीवाला म्हणाला, मावशी, पाण्यात घातलंत की काय? म्हटलं, ते नाही, मी गेले होते.
मुग्धाला सगळं सांगितलं. जिन्याचं ऐकून ओरडली, गुडघ्यांचं ऐकून रडली. रविवारी येते म्हणाली. बाबांना घेऊन जाऊ डॉक्टरकडे.

२२ फेब्रु.
मुग्धा आली. दि. डॉक्टरकडे गेला नाही. आंघोळीला गेला आणि बाहेरच येईना. ती तशीच डोंबिवलीला परत.
मी त्याला एवढंच म्हटलं की ऑक्टोबरात जहाजांचा हंगाम सुरू होतो. मी जाणार आहे. तू पायाने ये, चाकांवर ये, नव्या गुडघ्यांनी ये. नाही आलास तरी मी जाणार. आवाज चढवला नाही. खरं होतं ते, चढवायची गरज नव्हती.
“बघू,” म्हणाला.

८ मार्च
सावंतला फोन केला. ऑक्टोबरची केबिन धरून ठेव. काका? तो विचारतो. म्हटलं, ते अजून ठरवतायत.
दि. समोर पेपर वाचत होता. पान उलटलं नाही बराच वेळ.

११ मार्च
सकाळी बँकेत जायला तयार झाले. खुंटीवर ठमीची किल्ली नाही. पर्समध्ये नाही, फ्रिजवर नाही. दि. घरात नाही. चपला नाहीत.
खाली वॉचमनला इंटरकॉम लावला. तो म्हणाला, साहेब घेऊन गेले, तलावपाळीच्या बाजूला. मॅडमना सांगू नका म्हणाले.
गॅलरीत खुर्ची ओढली आणि बसले. रागावले आहे, हे नक्की. माझी गाडी, न विचारता. बँक दुपारी बंद होईल, आणि हा कुठवर गेलाय, बॅटरी किती आहे, वळणावर ब्रेक कसा दाबायचा हे तरी माहीत आहे का याला. त्याच्यामागे रिक्षा घेऊन जायचं मनात आलं. गेले नाही.
कोपऱ्यावर अजून दिसत नाहीये. आल्यावर भांडण होणार.
होऊ दे. चहा टाकलेला नाही, आल्यावरच टाकीन.