जोडून लाव

माकणी, ता. लोहारा
९ ऑगस्ट

प्रिय कृष्णराज,

'प्रिय' लिहून पेन पाच मिनिटं खाली ठेवला होता. चौतीस वर्षं पोरांना पत्रलेखन शिकवलं, मायना चुकला की अर्धा गुण कापला, म्हणून तेवढं लिहिलं. बाकी आज मला तुझा लई राग आलाय. फोन केला असता तर ओरडलो असतो आणि आतल्या खोलीत तुझ्या आईनं ऐकलं असतं. तिला अजून काहीच ठाऊक नाही.

दिवाळीत तू बसवून दिलेल्या कॉम्प्युटरमधून आठवडाभर टकटक येत होती. मला वाटलं पाल शिरली असेल. मंगळवारी टकटक थांबली आणि आपण साठवलेलं सगळं दिसेनासं झालं. उमरग्याहून गुरुलिंगला बोलावलं. माझाच विद्यार्थी, आता त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. डबा उघडून म्हणाला, "सर, दोनपैकी एक डिस्क मेली. दुसरी ठणठणीत हाय." मी म्हटलं, मग झालं तर, दुसरीवर सगळं असेलच की. तो नुसता स्क्रूड्रायव्हर पुसत बसला. बाप दारात उभा असताना पोराचा निकाल सांगायची वेळ आली की मी असाच चष्मा पुसत बसायचो.

आठव. तू दोन्ही डिस्का पलंगावर मांडून विचारलंस, "अण्णा, कशा लावू?" मी म्हटलं, "जोडून लाव." माझ्या वर्गात जोडून लिहिणं म्हणजे काय, हे तुला ठाऊक नव्हतं? तूही त्याच वर्गात बसलास ना! एका बाकावरच्या दोघांनी एकच कविता आपापल्या वहीत उतरवायची. एकाची वही शेळीनं खाल्ली तरी दुसऱ्याच्या वहीत अख्खी कविता शाबूत. मला तेच हवं होतं. त्याला तुमच्यात मिरर म्हणतात, हे मला या मंगळवारी कळलं. तू 'जोडून' म्हणजे दोन्ही मिळून एकच मोठी डिस्क केलीस. गुरुलिंग त्याला स्ट्राइप म्हणाला. प्रत्येक फाइलीचे तुकडे करायचे आणि आळीपाळीनं दोन्हीकडं टाकायचे, म्हणजे वेग वाढतो. पहिली ओळ या वहीत, दुसरी त्या वहीत! एक वही गेली की उरतात नुसती लोंबकळणारी यमकं. कशाला हवा होता रे वेग? सत्तरीतल्या माणसाला कविता लवकर संपवायची घाई असते का?

वर त्यातली एक डिस्क तुझ्याच जुन्या कॉम्प्युटरमधली, सात वर्षं राबलेली. "टाकून कशाला द्यायची," म्हणालास. नव्या खोंडाशेजारी म्हातारा बैल जुंपलास, आणि बसला तोच. गुरुलिंगनं ती पुण्याला तज्ज्ञांकडं धाडली होती. आतली तबकडीच खरवडली गेलीय, काही निघणार नाही, असा काल निरोप आला.

काय गेलं, ते ऐक. तुझ्या आईच्या घशाच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी बारा दिवस दिले होते. त्या बारा दिवसांत आम्ही दोघांनी मिळून तिच्या आवाजात सदुसष्ट कविता रेकॉर्ड केल्या. तुझी आई शाळेत चौथीपर्यंतच गेली. पण आपली खोली वर्गाच्या भिंतीला लागून होती. ज्वारी निवडता निवडता तिनं मी शिकवलेल्या सगळ्या कविता कानानं उचलल्या आणि त्यांना स्वतःच्या चाली लावल्या. पोरं माझी चाल सोडून तिची म्हणायला लागली, तेव्हा मला राग आला होता. आता हसू येतं. रेकॉर्ड करताना मधेच कुकरची शिट्टी झाली की मी तिला पुन्हा म्हणायला लावायचो. ती चिडायची, "मास्तर, वरण तरी शिजू द्या की!" तेही त्यात होतं. आता ती पाटीवर लिहून बोलते. रोज चार वाजता कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसायची, स्वतःचा आवाज ऐकायची, ओठ हलवायची. मंगळवारी मी सांगितलं, लाईट नाही. डोक्यावर पंखा फिरत होता. बुधवारी सांगितलं, स्पीकर बिघडला. तिनं पाटीवर लिहिलं, 'दुसरा आणा.'

आता जे लिहितोय ते लिहायलाच चार दिवस गेले. तू मला एक लहान डिस्कही दिली होतीस, वायरनं लावायची, आणि बजावलं होतंस की महत्त्वाचं सगळं इथंही ठेवा. मी ठेवलं होतं. उन्हाळ्यात मला माझ्या आवाजातल्या कविता साठवायची हौस आली. आपला गळा, आपलं पाठांतर! लहान डिस्क भरली. जागा नाही, असं पडद्यावर आलं. मी तुझ्या आईच्या सदुसष्ट कविता त्यातून पुसल्या. मोठ्या कॉम्प्युटरात दोन-दोन प्रती आहेतच, असं समजून. आज माझा आवाज अगदी सुखरूप आहे. तो ऐकवत नाही. तुझ्यावर ओरडायला बसलो, पण कृष्णा, तिच्या कविता माझ्या बोटांनी गेल्या.

हे पत्र एवढ्यासाठीच. तिला टाइप करायचा कंटाळा, म्हणून ऑपरेशनआधीची दोन वर्षं ती तुला फोनवर बोलून निरोप पाठवायची. जेवलास का, भाकरी थापणारी बाई मिळाली का, सूनबाई शिवप्रियाशी भांडू नको, असलंच काहीबाही. तू एकही उघडायचा नाहीस. निरोपापुढची माइकची खूण निळी होत नाही म्हणून ती मला दाखवायची, आणि मी तुला शिव्या घालायचो. बोलता येईना तेव्हा तिनं तो फोन सगळं पुसून भाचीच्या आरोहीला देऊन टाकला. ते निरोप आता असले तर फक्त तुझ्या फोनमध्ये. तुझ्या आळसावर मी जन्मभर चिडलो. आज त्याच्यावरच माझी सगळी भिस्त आहे. उघडले नसशील, तर पुसलेही नसशील. फोन बदलू नको, साफसूफ करू नको, कशाला हातसुद्धा लावू नको. तसाच खिशात घाल आणि मिळेल त्या गाडीनं निघ. चारच्या आत पोच.

तुझाच,
अण्णा