ओळखीची फेरी

१० मार्च, मंगळ.
गुरुवारी बैठक. खराडीचा तोच हॉल, एसी इतका की शाल न्यावी लागते. सोलारवाल्यांना जाहिरातीची स्टँडी दाराशी हवी, बॉयलरवाल्यांनाही दाराशीच. दार एकच. दातार सरांना विचारलं तर म्हणाले, "दोघांनाही लिफ्टमध्ये उभं करा, मॅडम. वीज गेली की आपोआप बोलतील एकमेकांशी." सर आमच्या ऊर्जा मंचाचे अध्यक्ष. आयुष्यभर बॉयलर विकले, आता माझी धावपळ बघतात.

माझी खरी काळजी स्टँडीची नाही. मि. येतो म्हणालाय, माझा नवरा.

दिवाळीत त्याच्या कंपनीने, इथे नुसतं कं., त्याला घरी बसवलं. पवनचक्क्यांत एवढी वर्षं काढली, आणि एका दुपारी पत्र. मंचात कुणालाच माहीत नाही. मी तिथे अर्धवेळ काम करते, दर महिन्याला ऊर्जाक्षेत्रातल्या पन्नास-साठ माणसांना एकमेकांशी बोलायला लावते. घरातल्या नवऱ्याला 'चल, चार लोकांना भेट' एवढं म्हणायला मला मार्च उजाडला.

भीती ओळखीच्या फेरीची. प्रत्येकाने उभं राहून सांगायचं: नाव, कंपनी, काय हवंय, काय देऊ शकता. अर्धं मिनिट. कंपनीच्या जागी तो काय म्हणेल?

१३ मार्च, शुक्र.
लिहून टाकते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

बॅज मी गेल्या वर्षीच्या फाइलवरून छापले. मि.च्या नावाखाली कं.चं नाव तसंच. टेबलावर मांडताना दिसलं. हातात पेन होतं. पेन असून मी...

त्याने बॅज उचलला, वाचला, गळ्यात घातला. माझ्याकडे बघितलं नाही. फेरीत उभा राहिला आणि सरळ कं.चं नाव घेतलं. "हवं असं काही नाही. सल्ला देऊ शकतो." आवाज अगदी पूर्वीचा. माइक मीच फिरवत होते. परत घेतला तर दांडी ओली होती.

मग साताऱ्याकडचे जगताप उठले. कोंबडीखाद्याचा कारखाना आहे, पठारावर स्वतःचे दोन जुने पंखे, म्हणजे पवनचक्क्या. "एक बंद पडलाय. वारा कुठनंबी येऊ दे, ह्याचं तोंड आपलं एकीकडंच. हवाय तो वळवून देणारा मानूस. देऊ काय शकतो? कोंबड्यांचं खाद्य. इथं कुणी खात आसंल तर सांगा." हॉल हसला.

चहाला मि. त्यांच्यापाशी. मी समोशांच्या टेबलामागून बघत होते. किती महिन्यांनी तो हात हलवून बोलत होता. दोन्ही तळवे उभे धरून पंख्याचं तोंड कसं वळतं ते दाखवत होता. छान दिसत होता. मग ऐकू आलं, "आमची टीम पाठवतो की. वाऱ्याच्या आधी करून देऊ."

आमची.

परतताना येरवडा आला. मग मी म्हटलं, "टीम?" तो म्हणाला, "सिग्नल बघ." गाडी मी चालवत होते.

१५ मार्च, रवि.
बाबांचा फोन. सासरे दर रविवारी चंद्रपूरहून नाश्ता झाला की लावतात. त्यांची सगळी नोकरी औष्णिक केंद्रात झाली, मुलगा वाऱ्यावर वीज करतो याचं त्यांना अजून हसू येतं. "जयभीम, वैशाली. तुमचे पंखे फिरून राहिले का?" मि. शेजारी बसून 'हो म्हण' अशी खूण करत होता. म्हटलं, "फिरतायत, बाबा."

तनू ताटावरून उठून गेली. अकरावीतली मुलगी, तिला सगळं कळतं.

२४ मार्च, मंगळ.
जगतापांचा फोन, मंचाच्या नंबरवर. "म्याडम, ते पवनचक्कीचे साहेब फोन उचलंनात. साताऱ्याचा एक दुरुस्तीवाला मिळाला व्हता, त्याला मी नको म्हून सांगितलं. कंपनीच येनार म्हटल्यावर त्याला कशाला अडकवून ठेवू?" ते साहेब माझे यजमान, हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलं नाही. "निरोप देते," म्हटलं.

वारा मेच्या शेवटाला सुरू होतो. पंख्याची वर्षाची कमाई त्या चार महिन्यांत, हे मला मि.नेच शिकवलंय. त्याच्या आत तोंड वळलं नाही तर जगतापांचं वर्ष गेलं.

संध्याकाळी विचारलं.
"कं.मधल्या कुणाला तरी सांगून टीम काढतो."
"कोण काढून देईल?"
"बघतोय ना, वैशू."
त्याच्या हाताखाली शिकलेली मुलं आहेत तिथे. त्यांचे फोन लागत नाहीत. लागतात, उचलत नाहीत. मी भांडायला उठले होते. त्याने मोबाइल टेबलावर उपडा ठेवला, इतका हळू, की भांडता आलं नाही.

१ एप्रिल, बुध.
एप्रिलच्या बैठकीचा विषय: जुन्या पवनचक्क्यांचं पुढे काय. पॅनलचे मुख्य वक्ते कं.चे सबनीस. मि.च्या हातात पत्र देणारे तेच. निमंत्रण मी जानेवारीत पाठवलं होतं, तेव्हा मि. या बैठकांना पुन्हा येईल असं वाटलंही नव्हतं. आज त्यांचा होकार आला. आणि नोंदणी उघडल्या उघडल्या पहिलं नाव जगतापांचं.

तिघं एका हॉलमध्ये.

दातार सरांना म्हटलं, या वेळी फेरी गाळू या का, वेळ वाचेल. म्हणाले, "फेरी गाळली तर लोकांना पॅनल ऐकावं लागेल, मॅडम. त्यांनी काय पाप केलंय?"

५ एप्रिल, रवि.
जगतापांना मीच सांगून टाकावं? नंबर काढते आणि ठेवते. मि.ला 'तू येऊ नकोस' म्हणावं? ते म्हणजे आपल्याच माणसाला आपल्याच दारात अडवणं. आणि तो घरीच राहिला तरी सबनीस आणि जगताप चहाला शेजारी उभे राहतीलच. तिथे दोन वाक्यांत सगळं बाहेर येईल, तो नसताना. ते जास्त वाईट.

सबनीस येतायत हे शेवटी सांगितलं. तो भेंडी चिरत होता. "बरं," म्हणाला. भेंडी मात्र इतकी बारीक झाली की भाजीचा लगदा झाला. तनूने तीच पोळीवर पसरून खाल्ली.

बाबांना आजही 'फिरतायत' म्हटलं. आता अडखळत नाही मी. याचीच जास्त भीती वाटते.

८ एप्रिल, बुध.
बॅज. मि.च्या नावापाशी आले आणि हात थांबला. आत जाऊन विचारलं, "खाली काय लिहू?"
"काही नको."
"नुसतं नाव?"
"का, तेही त्यांना परत करायचंय का?"
पुण्यात राहून राहून चांगला चिकटलाय हा खोचकपणा. हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन थोडी रडले. नुसतं नाव छापलं.

१० एप्रिल, शुक्र.
काल.

सबनीस पहिल्या रांगेत. मि.ला बघून उठले, हात मिळवला. "अरे मिलिंद! काय म्हणतोस? बरं चाललंय ना?" जणू काही झालंच नाही. मागच्या रांगेतून जगताप समाधानाने बघत होते. त्यांना वाटलं, त्यांच्याच पंख्याचं बोलणं चाललंय.

फेरी सुरू झाली. माइक घेऊन मी एकेक रांग पुढे सरकत होते. मि.पाशी पोचले. त्याने माइक घेतला.

"मिलिंद. कंपनी नाही. दिवाळीपर्यंत होती. गेल्या महिन्यात मी इथे तिचं नाव घेतलं, ते खोटं होतं. जगतापसाहेबांना टीम पाठवतो म्हणालो, तशी माझ्याकडे टीम नाही. काम हवंय. देऊ शकतो..."

तिथे थांबला. दातार सरांनी अर्ध्या मिनिटाची घंटी वाजवली. सवयीने. वाजवली आणि स्वतःच दचकले.

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. कुणी ओरडेल, कुणी उठून जाईल. शेजारच्याने माइक घेतला आणि म्हणाला, "नमस्कार, आम्ही इन्व्हर्टर बनवतो."

चहाला त्याच्याभोवती जागाच जागा. दोघा-तिघांनी खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा. सबनीस पॅनल संपताच गेले. जगताप कप ठेवून सरळ त्याच्याकडे आले.
"साहेब, तुमच्यापायी मी एका मानसाला नको म्हटलं. आता त्याला दिवाळीपतुर सवड न्हाई."
"माझी चूक झाली."
"चुकीनं पंखा वळतोय व्हय?" मग माझ्याकडे फिरून, "म्याडम, असली मानसं कशी घेता हो तुमी मंचात?"
मी म्हटलं, "ते माझे यजमान आहेत."
जगताप एक पाऊल मागे सरले. "ऱ्हाऊ द्या मग," म्हणाले आणि निघून गेले. समोसा अर्धाच खाल्लेला.

घरी येऊन मि. झोपला. लगेच, गाढ. मला हेवा वाटला.

१४ एप्रिल, मंगळ.
सकाळी तिघंही पांढऱ्या कपड्यांत स्टेशनजवळ, पुतळ्यापाशी. ऊन, निळे झेंडे, जागोजागी सरबत. विदर्भातले ओळखीचे भेटतातच. एकाने विचारलं, "काय मिलिंद, कुठं असतं रे आजकाल?" मि. म्हणाला, "घरी असतो." "बेस आहे. मंग चाल, पोहे खाऊ."

पोहे खाल्ले. बस, एवढंच झालं.

दुपारी चंद्रपूरला फोन त्यानेच लावला, आतल्या खोलीत, दार लोटून. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून स्वतःही मोठ्याने बोलतात. "दिवाळीपासून? अन् मले वाटे, तुले सुटी भेटत नाही म्हणून तू येत नाही." मि. बाहेर आला तो डोळे धुऊनच.

२७ एप्रिल, सोम.
जगताप. या वेळी माझ्या मोबाइलवर. "यजमान हायत का घरी? स्पीकरवर घ्या. हे बघा साहेब, दुसरा मानूस मिळंना म्हून इचारतोय. मेहेरबानी समजू नका. वाऱ्याआधी तोंड वळलं तर ठरेल ते देईन. न्हाई वळलं तर गाडीचं डिझेलबी देनार न्हाई."

मि. म्हणाला, "येऊन बघतो." करून देतो असं म्हणाला नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते.

फोन ठेवल्यावर आनंद व्हायला हवा होता. झालाही, चहाचं आधण उकळेपर्यंत. मग आठवलं की तोंड वळवणारी मोटर वर असते. खांबाच्या आतून सरळ उभी शिडी, एखाद्या टॉवरच्या गच्चीइतकी उंच. साहेब झाल्यापासून तो खालूनच काम बघायचा. आणि आता रोज सकाळी बी.पी.ची गोळी.

८ मे, शुक्र.
चढायला तंदुरुस्तीचा दाखला लागतो. कर्वेनगरातले आमचे डॉक्टर म्हणाले, "कशावर चढायचंय?"
"पवनचक्कीवर."
"का? खाली काय कमी त्रास आहे?"
बी.पी. आधी जास्त आलं. दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, तेव्हा ठीक. सही केली. मला तो आधीचाच आकडा दिसत राहतो.

एकट्याने चढायचं नसतं. जोडीला सलीम, कं.मधून त्याच दिवशी निघालेला तंत्रज्ञ, मि.चा जुना सोबती. दोघं पाठीवर सॅक घेऊन सोसायटीचा जिना चढतात-उतरतात. वरच्या मजल्यावरच्या काकू आज मला म्हणाल्या, "लिफ्ट बंद आहे तर नोटीस तरी लावायची."

१५ मे, शुक्र.
कालच्या बैठकीला मि. नव्हता. सलीमला घेऊन पंखा बघायला गेला होता. मोटरच गेलीय म्हणे, बदलावी लागेल. कुणी त्याची चौकशी केली नाही. फक्त दातार सर, खुर्च्या आवरताना: "मिलिंद वर चढणार म्हणे?"
"हो."
"मी असतो तर नसतो चढलो." थोड्या वेळाने, "मला कुणी चढ म्हटलंही नसतं म्हणा."

मोटर पुढच्या आठवड्यात येईल. वारा लवकर येतोय असं सलीम म्हणतो.

२३ मे, शनि.
पठारावर. गाडीत बसून लिहितेय, दार उघडलं की पानं उडतात.

मी येऊ नये असं मि.चं म्हणणं होतं. तनू म्हणाली, "बाबा, हिला घेऊन जा. घरी राहिली तर मला वेड लावेल."

वारा खरंच लवकर आलाय. ठरावीक वेगाच्या वर असला की चढायचं नाही. दोघं पट्टे बांधून सकाळपासून बसून आहेत. आजूबाजूचे पंखे गरगर फिरतायत, हा एकटा वाऱ्याकडे पाठ करून उभा.

जगताप मघापासून येरझाऱ्या घालतायत. "साहेब, पडला की वारा."
"नाही पडला."
"आवो, हितं अंगाला लागंना."
"इथे नाही लागत. वर आहे."
"उद्या तर ह्याच्यावून वाढनार."
"वाढेल. तरी आत्ता नाही चढायचं."
जगताप कातावले. मग त्यांनीच डबा उघडला, चपाती आणि शेंगदाण्याची चटणी सगळ्यांच्या हातावर ठेवली. माझ्या हातावर दोन चपात्या.

मी काय मागावं तेच कळत नाहीये. वारा पडला तर तो चढेल. नाही पडला तर तो खाली सुरक्षित, पण हे काम गेलं, आणि यानंतर कुणाचा फोन येईल असं वाटत नाही. एकदा हे मागते, एकदा ते. दोन्ही मनापासून.

आत्ताच मि.ने काचेवर टकटक केली. "वही ठेव. काम आहे तुला." वारा उतरलाय, मोटर वर घ्यायचीय. खांबाच्या दाराच्या आत पॅनल आहे, त्यावर वरच्या वाऱ्याचा वेग दिसतो, सेकंदाला किती मीटर तो आकडा. ते दोघं वर असेपर्यंत कुणीतरी तो बघत राहायचं. बारा झाला की वॉकीटॉकीवर ओरडायचं, ते काम टाकून खाली येतील.

मी म्हटलं, "मला कसं जमेल? जगतापांना सांग ना."
"ते चौदा झाला तरी दहाच सांगतील. तू अकरालाच ओरडशील. मला तसंच माणूस हवंय."

जाऊन बघून आले. नऊ होता. बघता बघता दहा झाला, परत नऊ. चष्मा पुसून घेतलाय. सलीम हाक मारतोय. जाते.